तीन महिन्यांच्या बिलिंगचा भाव कुणाच्या खिशातून?

हाउसकीपिंगची छोटी एजन्सी विकत घ्यायला निघालेल्या माणसाला पुण्या-मुंबईत एकच सल्ला चहूबाजूंनी मिळतो. महिन्याचे बिलिंग विचारा, त्याला तीनने गुणा, थोडी घासाघीस करा आणि व्यवहार उरका. कोणी तीनऐवजी दोन म्हणतो, कोणी चार. पण गुणायचे ते बिलिंगलाच, यावर दलाल, विक्रेते आणि या धंद्यात आधी उतरलेले लोक यांचे एकमत दिसते. नोकरी सोडून स्वतःचे काही उभारू पाहणारा, गावाकडची जमीन विकून शहरात जम बसवू पाहणारा, निवृत्तीची पुंजी हाती आलेला, असे अनेक जण हा सल्ला ऐकतात आणि आकडेमोड सोपी वाटते म्हणून त्यावर विसंबतात.

या सल्ल्याचा मला प्रतिवाद करायचा आहे. तो घेणाऱ्याला बुडवतो, हे एक कारण झाले. माझ्या दृष्टीने दुसरे कारण अधिक मोठे आहे. या रीतीने ठरलेली किंमत शेवटी झाडू-पोछा करणाऱ्या माणसांच्या हक्काच्या पैशांतून वसूल होते. सफाईच्या धंद्याचे मूल्यमापन हा घेणारा आणि विकणारा या दोघांतला खासगी मामला आहे असे मानले जाते. पण व्यवहाराच्या टेबलावर नसलेली कामगार माणसे त्या आकड्याची किंमत मोजत असतात.

आधी या सल्ल्याच्या बाजूने जे बोलले जाते ते नीट मांडतो. पहिला मुद्दा असा की छोट्या धंद्याच्या वह्यांवर भरवसा ठेवता येत नाही. मालकाने घरखर्च धंद्यात टाकलेला असतो, काही व्यवहार रोखीने झालेले असतात, नफ्याचा आकडा करापुरता बेतलेला असतो. त्यापेक्षा बिलिंग पक्के. ते जीएसटीच्या विवरणपत्रांत दिसते, ग्राहकांनी कापलेल्या टीडीएसच्या नोंदींशी पडताळता येते. दुसरा मुद्दा असा की सगळ्या एजन्सींचा खर्च साधारण सारखाच असतो, म्हणून बिलिंग कळले की नफ्याचा अंदाज येतोच. तिसरा मुद्दा व्यवहाराचा आहे. बोलणी कुठून तरी सुरू करावी लागतात आणि दोन्ही बाजूंना कळेल असा हा एक आकडा आहे.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. बिलिंग पडताळता येते, हे मान्य. पण पडताळता येणारा तो एकमेव आकडा आहे, हे मान्य नाही. दर महिन्याला पीएफसाठी जे ईसीआर, म्हणजे वर्गणीचे विवरणपत्र, भरले जाते, त्यात एकेका कामगाराचे नाव, त्याचा यूएएन आणि त्याचा पगार असतो. ईएसआयच्या चलनामागेही अशीच नावानिशी यादी असते. ग्राहकाला दिलेल्या बिलात किती माणसे लावली ते लिहिलेले असते. साइटवरच्या मस्टरवर हजेरी असते. बिलात साठ माणसे, मस्टरवर साठ आणि ईसीआरमध्ये चोवीस, असे दिसले तर वहीतल्या नफ्याकडे पाहायची गरजच उरत नाही. उरलेली छत्तीस माणसे कुठे गेली, हा प्रश्न विचारला की धंद्याचे खरे रूप समोर येते.

दुसरा मुद्दा मात्र सपशेल चुकीचा आहे आणि सारा घोळ तिथेच आहे. सफाईच्या धंद्यात यंत्रे, रसायने, गाडी यांचा खर्च असतो, पण तो किरकोळ. पैसा जातो तो माणसांवर. त्यामुळे माणसांना कायद्याप्रमाणे सगळे देणारी एजन्सी आणि त्यातले निम्मे बुडवणारी एजन्सी यांचा खर्च सारखा असूच शकत नाही. बिलिंग सारखे दिसले तरी आत दोन वेगळे धंदे असतात.

हे आकड्यांत मांडून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, दर कायद्यातले आहेत. समजा, एका कामगाराचे मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून महिना १४,००० रुपये होतात. त्यावर पीएफपोटी मालकाला १३ टक्के भरावे लागतात, म्हणजे १२ टक्के वर्गणी आणि उरलेला एक टक्का विमा व प्रशासकीय शुल्क. हे झाले १,८२० रुपये. पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असतील तर महाराष्ट्रात किमान ५ टक्के घरभाडे भत्ता द्यावा लागतो, तो ७०० रुपये. ईएसआयचा मालकाचा वाटा घरभाडे भत्ता धरून ३.२५ टक्के, म्हणजे ४७८ रुपये. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. वर्षाला पंधरा दिवस धरले तर महिन्याला ६७३ रुपये होतात. ग्रॅच्युइटी सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी, तेही महिन्याला ६७३ रुपये. बेरीज १९,५१० रुपये. यात गणवेश नाही, रिलिव्हरचा खर्च नाही, नैमित्तिक रजा आणि सणांच्या भरपगारी सुट्ट्या नाहीत.

आता एक एजन्सी घ्या. साठ माणसे, माणसामागे १८,००० रुपयांचे बिल, म्हणजे जीएसटी वगळून महिन्याचे बिलिंग १०,८०,००० रुपये. मालक साठ जणांना १४,००० रुपये देतो. पीएफ आणि ईएसआय फक्त चोवीस जणांचे भरतो. घरभाडे भत्ता, रजेचा पगार, बोनस, ग्रॅच्युइटी काहीच देत नाही. असा त्याचा माणसांवरचा खर्च ८,९४,६०० रुपये होतो. सुपरवायझर, गाडी, फिनेल-अ‍ॅसिड, डिझेल यांचे ७५,००० धरा. शिल्लक राहतात १,१०,४०० रुपये. विक्रेता सांगतो, महिन्याला एक लाख दहा हजार सुटतात आणि ते खरे दिसते. बँकेत तेवढे पैसे राहतात.

त्याच साठ माणसांना कायद्याप्रमाणे सगळे दिले तर खर्च ११,७०,६०० रुपये होतो. वर ते ७५,००० आहेतच. म्हणजे हा धंदा महिन्याला १,६५,६०० रुपये तोट्यात आहे. दाखवलेला नफा आणि खरा तोटा यांतला फरक २,७६,००० रुपये आहे. त्याला साठने भागले की माणसामागे महिना ४,६०० रुपये येतात. विक्रेता ज्याला नफा म्हणतो तो या ४,६०० रुपयांतून आलेला आहे. त्यासाठी त्याने कुठली नवी साइट मिळवली नाही, कामाची रीत सुधारली नाही, खर्चात काटकसर केली नाही. बिगारी कामगाराला द्यायचे पैसे दिले नाहीत, एवढेच केले.

दुसरी एजन्सी पाहा. चाळीस माणसे, माणसामागे २४,००० रुपयांचे बिल, महिन्याचे बिलिंग ९,६०,०००. हिने प्रत्येकाचे पूर्ण १९,५१० रुपये धरले आहेत, घरभाडे भत्ता चाळीस माणसांना बंधनकारक नसतानाही दिला आहे. माणसांवरचा खर्च ७,८०,४००, इतर ७५,०००. शिल्लक १,०४,६०० रुपये. यातून मालक स्वतः करत असलेल्या कामाचा पगार ५०,००० वजा करा, कारण उद्या तो गेल्यावर ते काम कोणाला तरी पगार देऊनच करून घ्यावे लागेल. निव्वळ उरतात ५४,६०० रुपये, वर्षाचे ६,५५,२००.

तीन महिन्यांच्या बिलिंगचा नियम या दोघींना लावला तर पहिलीची किंमत ३२,४०,००० आणि दुसरीची २८,८०,००० येते. म्हणजे कामगारांचे पैसे बुडवून तोट्यात चाललेली एजन्सी, त्यांचे सगळे देऊन फायद्यात असलेल्या एजन्सीपेक्षा महाग ठरते. ज्या मापाने असे उलटे उत्तर येते त्याने बोलणी सुरूसुद्धा करू नयेत. सल्ल्याचा तिसरा मुद्दा इथेच निकालात निघतो. दोन्ही बाजूंना कळणारा आकडा दोन्ही बाजूंना फसवणारा असेल, तर तो कळण्यात काही हशील नाही.

यावर अनुभवी लोक म्हणतात, ‘सगळेच असे करतात. पीएफवाले छोट्या एजन्सीकडे कशाला येतील? आणि आले तरी मागचे देणे मागच्या मालकाचे.’ या वाक्यातला शेवटचा भाग कायद्याने खोटा आहे आणि तोच सगळ्यात महागात पडतो.

१९५२ च्या पीएफ कायद्यात कलम १७ब होते. आस्थापना विकली, दान दिली, भाड्याने दिली, कशीही हस्तांतरित केली, तरी हस्तांतराच्या तारखेपर्यंतच्या थकबाकीला जुना आणि नवा मालक दोघे संयुक्तपणे आणि वेगवेगळे जबाबदार असतात. नव्या मालकाची जबाबदारी त्याला हस्तांतरातून मिळालेल्या मालमत्तेच्या मूल्यापुरती मर्यादित असते. ईएसआयच्या कायद्यात ९३अ हे कलम तसेच होते. जीएसटी कायद्याच्या ८५व्या कलमात तर व्यवसाय हस्तांतरित करणारा आणि घेणारा दोघेही तोवरच्या करासाठी, व्याजासाठी आणि दंडासाठी संयुक्तपणे जबाबदार आहेत, मग तो कर हस्तांतराआधी ठरलेला असो वा नंतर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. कामगार कायद्यांची नावे आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण घेणाऱ्याच्या गळ्यात येणारे देणे नाहीसे झाले नाही.

पहिल्या एजन्सीत छत्तीस माणसांचा पीएफ भरलेला नाही. मालकाचा १३ टक्के आणि कामगाराचा १२ टक्के धरला तर माणसामागे महिना ३,५०० रुपये. कामगाराचा हिस्सा वेळेवर कापला नसेल तर तो मागाहून त्याच्या पगारातून कापता येत नाही, मालकालाच भरावा लागतो. छत्तीस माणसांचे महिन्याला १,२६,००० आणि दोन वर्षांचे ३०,२४,००० रुपये झाले. यावर वर्षाला १२ टक्के व्याज आणि नुकसानभरपाई वेगळी. म्हणजे घेणाऱ्याने ३२,४०,००० मोजले आणि त्याच रकमेच्या जवळपास देणे सोबत घरी नेले. ‘मर्यादा मालमत्तेपुरती आहे’ यात त्याला दिलासा नाही. ती मर्यादा म्हणजे त्याने नुकताच विकत घेतलेला सगळा धंदा.

पीएफवाले येणार नाहीत, या भरवशाचेही तसेच आहे. त्यांना यायला मोठी धाड लागत नाही. काम सोडून गेलेला एक कामगार तक्रार करतो. बाराव्या मजल्याच्या काचा पुसताना कोणी पडतो आणि त्याचे ईएसआय कार्ड नाही हे रुग्णालयाच्या दारात कळते. मोठ्या कंपनीचा लेखापरीक्षक चलने मागतो. छोट्या एजन्सीत असे एकदा घडले की सगळा इतिहास उघडा पडतो.

ग्रॅच्युइटीचे देणे याहून अधिक लपलेले असते. सोसायटीने टेंडर काढून एजन्सी बदलली की तीच माणसे नव्या गणवेशात काम करत राहतात आणि त्यांची सेवा कागदोपत्री पुन्हा शून्यापासून मोजली जाते. ही रीत या धंद्यात इतकी रुळली आहे की धंदा विकत घेतानाही तसेच होईल असे लोक गृहीत धरतात. धंदा हस्तांतरित होतो तेव्हा कायदा वेगळा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या २५फफ कलमाप्रमाणे वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची सेवा नव्या मालकाकडे खंड न पडता चालू राहायला हवी, शर्ती आधीपेक्षा कमी नसाव्यात, आणि पुढे कपात झाली तर जुनी सेवाही धरून भरपाई द्यायची. तसे नसेल तर हस्तांतराच्या वेळीच नोटीस आणि भरपाई. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व टिकले आहे. म्हणून दुसऱ्या, प्रामाणिक एजन्सीबद्दलही एक प्रश्न उरतो. ग्रॅच्युइटीचे पैसे तिने वेगळे ठेवलेत की नुसते वहीत लिहिलेत? चाळीस जणांची सरासरी तीन वर्षे सेवा झाली असेल तर ही रक्कम ९,६९,००० रुपयांच्या घरात जाते. काही जण पाच वर्षांआधी सोडून जातील हे खरे, पण चांगल्या एजन्सीत माणसे टिकतात, म्हणजे तिथे हे देणे प्रत्यक्षात येण्याची शक्यता जास्त. पैसे एलआयसीच्या समूह ग्रॅच्युइटी योजनेत असतील तर ते हस्तांतरित करून घ्या, नसतील तर किमतीतून वजा करा.

आता ‘गुडविल’कडे वळू. विक्रेता म्हणतो, बारा साइट्स आहेत, सात वर्षांचे संबंध आहेत, हे सगळे तुम्हाला तयार मिळते. पण बहुतेक छोट्या एजन्सी एकट्या मालकाच्या नावावर असतात. तिथे ‘कंपनी’ नावाची वेगळी व्यक्ती नसतेच, जिचे भाग तुम्ही घ्याल. जीएसटी क्रमांक तुम्हाला नवा घ्यावा लागतो, पीएफचा संकेतांक नवा, कंत्राटी कामगार लावण्याचा परवाना हस्तांतरित होत नाही. सोसायटीशी केलेला करार जुन्या मालकाच्या नावावर असतो आणि त्यात तीस दिवसांच्या नोटिशीवर तो मोडण्याची मुभा असते. सोसायटीची कमिटी बदलली, नव्या सचिवाच्या ओळखीची दुसरी एजन्सी निघाली, की सात वर्षांचे संबंध महिनाभरात संपतात. म्हणून बारा साइट्स विकत घेतल्या म्हणणे चुकीचे आहे. बारा ग्राहकांना आपल्याशी नवा करार करायला विचारण्याची संधी तेवढी मिळते. त्या संधीला किंमत आहे, पण ती करार झाल्यावर द्यायची असते. या गुडविलवर आयकरात घसाराही मिळत नाही, २०२१ च्या वित्त कायद्याने तो बंद केला. म्हणजे गुडविलपोटी मोजलेला पैसा करातूनही परत येत नाही.

करार वाचताना एक कलम शोधायचे. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. ‘शासनाने भत्ता वाढवल्यास त्या प्रमाणात दर वाढेल’ हे वाक्य करारात असेल तर तो करार जिवंत आहे. ते नसेल आणि दर दोन वर्षांसाठी बांधलेला असेल, तर दर सहा महिन्यांनी त्या करारातून थोडा नफा गळतो आणि ती गळती भरायला मालक कोणाचा तरी पीएफ बंद करतो. हे एक वाक्य करारात असणे-नसणे यावर धंद्याची किंमत लाखांनी बदलते आणि बिलिंगच्या पटीत ते कुठेच दिसत नाही.

रोखीचे चक्रही त्यात दिसत नाही. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा, पीएफ आणि ईएसआय पंधरा तारखेपर्यंत भरायचे, बिलावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाचे पैसे येवोत न येवोत पुढच्या महिन्यात भरायचा. ग्राहक मात्र साठ दिवसांनी पैसे देतो. दुसऱ्या एजन्सीत पगार, वर्गण्या आणि इतर खर्च मिळून महिन्याला सुमारे साडेसात लाख रोख जातात, वर १,७२,८०० रुपये जीएसटी. साठ दिवसांची उधारी असेल तर सोळा-सतरा लाख रुपये कायम अडकलेले राहतात. धंदा घेणाऱ्याला किमतीव्यतिरिक्त हे पैसे हाताशी लागतात. सगळी पुंजी किमतीत घातलेला माणूस पहिल्याच महिन्यात पगार थकवतो आणि पगार थकला की कामगार नाका बदलतात.

काही कामे तर कोणत्याही किमतीला घेऊ नयेत. एजन्सीच्या बिलांत सेप्टिक टाकी किंवा ड्रेनेज साफ करण्याच्या नोंदी असतील तर ते काम कसे होते ते विचारा. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले आहे. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. माणूस उतरवून होणारे काम विकत घेणे म्हणजे कोणाच्या तरी मरणाची जोखीम विकत घेणे आहे. त्याला बाजारभाव लावणेच मला अमान्य आहे. महापालिकेच्या कंत्राटांबाबतही सावध राहावे. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीतले २,७०० कंत्राटी कामगार कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढलेल्या प्रदीर्घ खटल्यानंतर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कायम ठरले. कंत्राट हा निव्वळ देखावा आहे असे न्यायालयात सिद्ध झाले, तर कंत्राटदाराच्या हाती काहीच उरत नाही.

मग किंमत ठरवायची कशी? क्रम असा असावा. आधी बिलातली माणसे, मस्टर आणि ईसीआर हे तिन्ही चोवीस महिन्यांचे एकमेकांशी ताडून पाहावे. विक्रेत्याच्या संमतीने दोन-तीन साइटवर जावे आणि कामगारांना उमंग अ‍ॅपवर आपले पीएफ पासबुक उघडायला सांगावे. पंधरा मिनिटांत जे कळते ते ताळेबंदात कळत नाही. मग प्रत्येक साइटचा हिशेब वेगळा मांडावा आणि त्यात कायद्याचे सगळे देणे धरावे, सध्या दिले जात असो वा नसो. ज्या साइटवर या हिशेबाने तोटा येतो तिची किंमत शून्य. दर वाढवून मिळाला नाही तर ती सोडून द्यायची, हे आधीच ठरवावे. उरलेल्या साइट्सच्या नफ्यातून मालकाच्या कामाचा पगार वजा करावा. असा जो वार्षिक नफा येईल त्याच्या दीड-दोन पटीपुढे मी जाणार नाही, कारण तीस दिवसांच्या नोटिशीवर टिकलेल्या उत्पन्नाला त्याहून अधिक भाव देणे हा जुगार होतो. त्यातून न भरलेली ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, पीएफची संभाव्य थकबाकी वजा करावी. यंत्रांना जुन्या बाजारातला भाव द्यावा.

या हिशेबाने दुसऱ्या एजन्सीची किंमत तेरा लाखांच्या आसपास येते, ग्रॅच्युइटीचे पैसे वेगळे ठेवलेले असतील तर. पहिलीची किंमत शून्याखाली जाते. तिथे विकत घेण्यासारखे काही असेलच तर वापरता येण्याजोगी यंत्रे आणि दर वाढवून द्यायला तयार असलेल्या एक-दोन साइट्सशी नवे करार, बाकी काही नाही.

ठरलेली किंमतही एकरकमी देऊ नये. काही भाग हस्तांतराच्या दिवशी, काही भाग प्रत्येक ग्राहकाने नव्या नावावर सही केल्यावर, आणि उरलेला वर्षभराने, मागची कोणती थकबाकी निघाली का ते पाहून. विक्रेत्याकडून मागच्या देण्यांची लेखी हमी घ्यावी, पण हमीवर विसंबू नये. हातात राखून ठेवलेली रक्कम हीच खरी हमी.

शेवटचा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे. लोक म्हणतात, या हिशेबाने निम्म्या एजन्सी विकल्याच जाणार नाहीत. सोसायट्या माणसामागे चोवीस हजार द्यायला तयार नसतात, अठरा हजारांतच काम मागतात. मग एजन्सीवाल्याने करायचे काय?

सोसायट्या कमी दर देतात, हे खरे आहे आणि त्यांचाही यात वाटा आहे. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर कायद्याने मुख्य मालकाला, म्हणजे ग्राहकाला, तो द्यावा लागतो. ज्याच्याकडे कायद्याने ठरवलेल्या संख्येइतके कंत्राटी कामगार आहेत त्या प्रत्येक ग्राहकाने दर महिन्याचे चलन पाहिल्याशिवाय बिल मंजूर करू नये, आणि ज्याच्याकडे तेवढे नाहीत त्यानेही ही सवय लावून घ्यावी. पण ‘ग्राहक पुरेसे देत नाही’ हे कारण देऊन त्या तोट्यातल्या धंद्याला बत्तीस लाखांचा भाव लावता येत नाही. उलट तोच भाव हा खड्डा अधिक खोल करतो. ज्याने बत्तीस लाख मोजले तो ते परत मिळवणार कुठून? दर वाढत नाही, साइट्स वाढवायला पैसे उरलेले नाहीत. मग तो चोवीसच्या जागी अठरा जणांचा पीएफ भरतो, एका माणसाकडून डबल ड्युटी करून घेतो, दिवाळीला बोनसऐवजी मिठाईचा पुडा देतो. तीन वर्षांनी तो हाच धंदा पुढच्या माणसाला त्याच पटीने विकतो. प्रत्येक हस्तांतराबरोबर कामगाराच्या वाट्याचे थोडे अधिक कमी होते आणि बिलिंगचा आकडा तेवढाच दिसत राहतो.

ही साखळी तोडण्याची ताकद विकत घेणाऱ्यात आहे, कारण पैसे त्याच्या हातात आहेत. जी एजन्सी कामगारांचे सगळे देते तिला अधिक भाव आणि जी बुडवते तिला शून्य, असे घेणारे ठामपणे सांगू लागले तर पीएफ भरणे हा मालकासाठी खर्च राहणार नाही, स्वतःच्या धंद्याची किंमत वाढवण्याचा मार्ग होईल. सरकारी निरीक्षकाने वर्षानुवर्षे जे साधलेले नाही ते बाजाराला साधेल. त्यासाठी बोलण्यांच्या पहिल्या भेटीत घेणाऱ्याने बिलिंग विचारूच नये. गेल्या चोवीस महिन्यांची ईसीआर मागावी आणि ती मिळेपर्यंत किमतीचा एक शब्दही काढू नये. जो विक्रेता ती द्यायला कचरतो त्याने त्याच्या धंद्याची किंमत आपल्याला सांगितलेली असते.